लिनक्सवरचा आळ

प्रत्यक्ष परमेश्वर आमच्या थोरल्या मेव्हण्यांपुढे प्रकट झाला आणि "वत्सा, वर माग" म्हणाला, तर मेव्हणे आधी त्याला वाकून नमस्कार करतील, पंख्याखालची खुर्ची देतील, आणि मग अतिशय नम्रपणे म्हणतील, "देवा, जरा बाहेर जाऊन पुन्हा एकदा प्रकट व्हाल का? नाही, शंका नाही माझी. पण एकदा झालेली गोष्ट योगायोगही असू शकते." आणि मला खात्री आहे, देव जाईल. कारण मेव्हण्यांच्या बोलण्यात उद्धटपणा औषधालाही नाही. जगातल्या प्रत्येक बिघाडाचं खरं कारण कुठेतरी मुकाट बसलेलं आहे आणि आपण आरडाओरडा न करता त्याच्यापर्यंत पोचायचं आहे, एवढीच त्यांची श्रद्धा. ती इतकी निर्मळ की समोरचा माणूस वैतागतो, पण ऐकतो.

माझ्या बायकोचे हे थोरले भाऊ. ती त्यांना दादा म्हणते म्हणून मीही दादाच म्हणतो. तळोज्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेन्टेनन्समध्ये नोकरी झाली, निवृत्त झाले आणि खांदा कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहू लागले. कारखान्यात एकदा मोटर बंद पडली तेव्हा घाईघाईत कोणीतरी फ्यूज, वायर आणि स्टार्टर असं सगळं एकदम बदललं. मोटर सुरू झाली, लोकांनी पेढे मागवले. दादा मात्र उदास होऊन बसले. "मोटर चालली हो," ते म्हणाले, "पण बिघडली कशानं होती, ते आता कोणालाच कधी कळणार नाही." त्या दिवसापासून त्यांनी व्रत घेतलं: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हे व्रत मोटरीपुरतं राहिलं असतं तर आम्हा नातेवाइकांचं आयुष्य सोपं झालं असतं. पण नवे बूट चावू लागले तेव्हा दोष बुटाचा की पायाचा हे ठरवण्यासाठी दादा आठवडाभर एका पायात नवा आणि एका पायात जुना बूट घालून पनवेलभर हिंडले. मग पाय बदलून आणखी आठवडाभर. खोकला झाला तेव्हा डॉक्टरांनी तीन गोळ्या लिहून दिल्या. दादांनी त्यातली एकच घेतली, ती संपल्यावर दुसरी, मग तिसरी. डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, "दादा, बरे झालात ना शेवटी?" "झालो ना," दादा म्हणाले, "आणि मधल्या गोळीनं झालो. पुढच्या पेशंटला तेवढीच द्या."

माझी सोयरीक ठरत होती तेव्हा मलाही त्यांनी असंच तपासलं होतं. पहिल्या भेटीत त्यांनी मला विचारलं, "राग आला तर काय करता?" मी म्हणालो, "गप्प बसतो." पंधरवड्यानंतर ते पुन्हा आले, छत्री राहिली म्हणाले. छत्री राहिलेली नव्हती. चहा पिता पिता त्यांनी पुन्हा विचारलं, "राग आला तर काय करता?" मला प्रश्न आठवत होता, उत्तर आठवत नव्हतं, म्हणून मी गप्प बसलो. दादांनी घरी जाऊन सांगितलं, "मुलगा खरं बोलतो." आमचं लग्न झालं ते असं.

असा माणूस लिनक्सच्या प्रेमात पडला नसता तरच नवल. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुना कॉम्प्युटर जोडून घेतला आणि त्यात कोणाच्या तरी सांगण्यावरून लिनक्स टाकलं. काही बिघडलं की इतर कॉम्प्युटर नुसतेच मख्ख बसतात. हा मात्र काय झालं, कुठे झालं, त्याआधी आपण काय करत होतो, हे सगळं ओळींमागून ओळी लिहून सांगतो, हे पाहून दादांना गहिवरून आलं. "लपवाछपवी नाही हो ह्याच्यात," ते म्हणायचे. सकाळी लोक पेपर वाचतात तसे दादा चहा पिता पिता त्या ओळी वाचत. मग ते प्रचाराला निघाले. सायकलच्या हँडलला कापडी पिशवी, पिशवीत लिनक्सच्या सीड्या, एक स्क्रूड्रायव्हर आणि एक खोडरबर. कॉलनीतले लोक दादा जिन्यात दिसले की कॉम्प्युटरवर चादर टाकत. आमच्या घरात चादर टाकायची सोय नव्हती. पेन ड्राइव्हमधून आलेल्या एका व्हायरसनं आमच्या कॉम्प्युटरची वाट लावल्याचं कळताच ते जुन्या पनवेलात आमच्याकडे आले आणि दुपारच्या जेवणापर्यंत आम्ही लिनक्सवाले झालो.

आमच्या हिला त्याचं काही वाटलं नाही, कारण तिला कॉम्प्युटर एकाच कामाला हवा होता. ती इथल्या एका कॉलेजात मराठी शिकवायची आणि धवले गोळा करायची. आमच्या भागातल्या आगरी लग्नांत पूर्वी भटजी नसत, धवलारीण असे. धवलारीण म्हणजे एक जाणती बाई. ती गाणी म्हणत म्हणत सगळं लग्न लावते, देवांना बोलावते, हळद लावते, नवरानवरीला पाठवते, आणि ही जी गाणी, ते धवले. उरणच्या रस्त्याला खाडीकाठच्या एका गावात अशी एक म्हातारी धवलारीण होती. अख्खं गाव तिला बय म्हणायचं. ही दर सुट्टीला टेपरेकॉर्डर घेऊन बयकडे जायची, गाणी कॅसेटवर घ्यायची, घरी येऊन वायर जोडून ती कॉम्प्युटरवर चढवायची. तेव्हा खिशातल्या फोनवर गाणी यायला सुरुवात झाली होती आणि दुकानातून कॅसेट नाहीशा व्हायला लागल्या होत्या, त्यामुळे गाणी चढवून झाली की ती त्याच कॅसेटवर पुढची गाणी घ्यायची. त्यात काही धोका आहे असं कोणालाच वाटलं नाही.

कॉम्प्युटर मात्र ह्या कामाला रडायचा. गाणी लांबच लांब आणि मेमरी तोकडी. तो घुटमळत बसायचा आणि ही कपाळावर हात मारायची. त्या वर्षीच्या भाऊबिजेला दादा आले, पाटावर बसले, हिनं ओवाळलं आणि दादांनी ताटात एक चंदेरी पिशवी ठेवली. हिला वाटलं चांदीचं काहीतरी आहे. तिनं हरखून पिशवी उघडली तर आत हिरवी, वीतभरही नसलेली एक पट्टी. "रॅम आहे," दादा म्हणाले. "आता तुझी गाणी अडणार नाहीत." ही मनापासून हसली. बहुतेक बहिणी रुसल्या असत्या. दादांनी जेवणाआधीच कॉम्प्युटर उघडून जुन्या पट्टीशेजारी ती नवी पट्टी बसवली, आणि खरोखरच गाणी धावायला लागली. त्या वर्षी हिनं चार बायकांना तो दागिना काढून दाखवला नाही एवढंच.

उन्हाळा आला तशी कॉम्प्युटरची तब्येत बिघडू लागली. कधी लिहिता लिहिता प्रोग्राम अंतर्धान पावायचा, कधी सगळा पडदाच थिजायचा आणि कीबोर्डवरचे दिवे भुतानं झपाटल्यासारखे लुकलुकायचे. एखाद्या गाण्यात मध्येच टच् असा आवाज यायचा. दादा म्हणाले, वीज जाते-येते त्यानं होत असेल. आणि ते खोटंही वाटत नव्हतं, कारण त्या दिवसांत पनवेलला वीज असण्यापेक्षा नसण्याची सवय जास्त होती. मग एक दिवस हिला पुण्याच्या एका चर्चासत्रात धवल्यांवर बोलायचं होतं. सगळी गाणी तिनं जागा वाचावी म्हणून दादांनी शिकवल्याप्रमाणे एका गठ्ठ्यात दाबून बांधून ठेवली होती आणि मोकळी गाणी पुसून टाकली होती. तो गठ्ठा सोडायला गेली तर सुरुवातीची थोडी गाणी बाहेर आली आणि मग पडद्यावर एक ओळ उमटली, की पुढचं सगळं खराब आहे. तिनं पुन्हा केलं. पुन्हा तीच ओळ. हळदीचा धवला त्या ओळीच्या पलीकडे होता. बयकडून तो मिळवायला तिला दोन वर्षं लागली होती. एका लग्नात मांडवाच्या खांबाला टेकून, गर्दीत टेपरेकॉर्डर उराशी धरून तिनं तो घेतला होता, आणि ती कॅसेट आता दुसऱ्याच गाण्यांनी भरलेली होती.

दादा सायकल दामटत आले. त्यांनी पडदा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"तुझ्या लिनक्सनं माझी गाणी खाल्ली, दादा," ही म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

"लिनक्स असं करत नाही गं."

"मग मी केलं?"

"तसं मी म्हटलं नाही. पुराव्याशिवाय मी कोणाचंच नाव घेत नाही."

"पुरावा! दादा, बयला आता कोणी बोलवत नाही. मागच्या दोन वर्षांत ती एकाही लग्नात गायलेली नाही. पुरावा घेऊन मी काय करू? सगळ्यांचे कॉम्प्युटर चालतात. आमच्याच घरात तू हे घुसवलंस. तुझ्या हट्टापायी गेलं सगळं."

चहा केलेला होता तो न घेता दादा जिना उतरले. मी खिडकीतून पाहिलं, त्यांनी सायकलचं कुलूप काढलं आणि सायकलवर न बसता ती हातात धरून चालत निघाले. ही आत जाऊन भांडी आवरू लागली. माझ्यावर कोणी काही आळ घेतला असता तर मी चार दिवस फुगून बसलो असतो. पण दादांचा चेहरा आपल्यावर आळ आलेल्या माणसाचा नव्हता. एखाद्या गरीब मित्रावर चोरीचा आळ आला, तो मित्र बोलू शकत नाही आणि आपण त्याला जामीन राहिलो आहोत, असा तो चेहरा होता.

नंतर बरेच दिवस ते आले नाहीत. बहीणभावाचा रोजचा फोनही बंद. आणि एका रविवारी सकाळी दारात उभे. "मी त्याला तपासायला आलोय," ते हिला म्हणाले. "दोषी निघाला तर मी स्वतः त्याला काढून टाकतो, तू म्हणशील ते घालतो. पण आजचा दिवस दे." ही नुसती बाजूला झाली.

मग जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. आधी दादांनी कॉम्प्युटर दुसऱ्या प्लगवर नेला, बाकी काही बदललं नाही, आणि वाट पाहिली. मग आतली धूळ झाडली आणि वाट पाहिली. डिस्कची वायर बदलली आणि वाट पाहिली. डिस्कला तिचीच तब्येत विचारली. ती म्हणाली, मी ठणठणीत आहे. वीज हेलकावे खाऊ नये म्हणून त्यांनी घरात मिक्सर आणि इस्त्री लावायला बंदी केली. हिनं चटणी खलबत्त्यात कुटली, आणि ती ज्या जोरानं कुटली त्यावरून तिचं मत सगळ्या आळीला कळलं. दुपारच्या सुमारास दादांना एक साधी गोष्ट सुचली. कुठल्याही फाइलचा लिनक्स एक ठसा काढून देतं, आकड्या-अक्षरांची एक लांबलचक ओळ. फाइल तीच असेल तर ठसा तोच. त्यांनी एका मोठ्या फाइलचा ठसा काढला. पुन्हा त्याच फाइलचा काढला. दोन ओळी शेजारी शेजारी ठेवून त्यांनी बोट फिरवत वाचल्या आणि पुन्हा पहिल्यापासून वाचल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"एकाच प्रश्नाला दोन उत्तरं देतोय हो," ते कुजबुजले, जणू कॉम्प्युटरला ऐकू जाईल. "डिस्क म्हणते मी बरी आहे. म्हणजे डिस्कवरून नीट वाचतोय. पण वाचलेलं हातात धरतो ना घटकाभर, तिथे बदलतंय. गठ्ठा बांधतानाही असंच झालं असणार. गाणी हातात घेतली ती चांगली, बांधली ती खराब."

"हातात म्हणजे?"

"म्हणजे मेमरी. रॅम."

मेमरी तपासण्याची एक वेगळीच सोय असते. कॉम्प्युटर सुरू होताना ती निवडली की दुसरं काहीच चालू होत नाही, नुसता निळा पडदा येतो आणि मेमरीच्या एकेका कप्प्यात काहीतरी ठेवायचं आणि तेच परत मिळतं का पाहायचं, हे काम तो पडदा न कंटाळता करत राहतो. दादांसाठी ह्याहून रम्य दृश्य पृथ्वीवर नसावं. ते त्या निळ्या पडद्यासमोर ताट मांडीवर घेऊन जेवले. आमटी संपता संपता पडद्यावर एक लाल ओळ आली. मग आणखी एक. दादांनी घास खाली ठेवला. "सापडला," ते म्हणाले. आणि लगेच, "थांबा. दोन पट्ट्या आहेत. कुठली ते ठरायचंय. शिवाय पट्टी चांगली आणि खाचच खराब असंही असू शकतं."

त्यांनी दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, न जाणो नुसता मळ असेल. पुन्हा एकेक पट्टी, एकेका खाचेत, एकटीला बसवून तपासली. जुनी पट्टी दोन्ही खाचांत निर्मळ निघाली. दुसरी पट्टी दोन्ही खाचांत लाल. दर वेळी त्याच जागी. त्या दुसऱ्या पट्टीकडे ते इतका वेळ पाहत राहिले की मलाही समजलं.

"ही भाऊबिजेची," मी म्हणालो.

"माझ्याच कॉम्प्युटरमधली काढून दिली होती. माझ्याकडे वर्षानुवर्षं चालली हो. मी काय, दोन ओळी लिहिणार आणि चार वाचणार. ती जागा माझ्या कधी वापरातच आली नसेल. हिची मोठमोठी गाणी तिथवर पोचली." त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. "मी सगळं तपासलं. मी दिलेलं तेवढं तपासलं नाही."

मला त्यांचे हाल बघवेनात. मी विचारलं, ही पट्टी फेकूनच द्यावी लागते का? तर म्हणाले, नाही, लिनक्सला एक ओळ लिहून सांगितलं की अमुक जागा खराब आहे, तर तेवढी जागा वगळून ते बाकीची सुखानं वापरतं. बाहेरून कोणाला पत्ताही लागत नाही. मी आवाज खाली आणला. "मग तसंच करा ना, दादा. वीज जाण्यानं झालं म्हणून सांगा. लिनक्सही सुटलं, तुम्हीही सुटलात."

दादांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "विम्याच्या ऑफिसात तुम्हाला बढती कशी मिळाली, ते आज कळलं," ते म्हणाले. आणि पट्टी तळहातावर घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"ताई," ते म्हणाले. मोठा भाऊ असून लाडात आले की ते तिला ताई म्हणत, पण ह्या वेळी लाड नव्हता. "लिनक्स निर्दोष आहे. तुझी गाणी मी घालवली. ही बघ."

हिनं हात पुसले, पट्टी घेतली, उलटसुलट केली. "भाऊबिजेची?"

"हो. माझ्यातली काढून दिली होती."

"मग तुझ्याकडे काय राहिलं?"

"अर्धी."

"आणि तू इतके दिवस अर्ध्यावर काम करतोयस?"

"हळू चालतो. पण मला कुठे घाई असते."

ही वळली आणि तिनं मिक्सर सुरू केला. मी दारातून पाहिलं, भांड्यात काही नव्हतं. मिक्सर बराच वेळ चालू होता. दादा दारात उभे राहून मिक्सर बंद व्हायची वाट पाहत होते.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं बयकडे गेलो. बय ओट्यावर सुकट निवडत बसली होती. हिनं सगळी हकीकत सांगितली, बयला त्यातलं एवढंच कळलं की गाणी हरवली. "हरवली तं हरवली," ती म्हणाली, "माज्याकरं हायेत ना." आणि तिथंच बसल्या बसल्या तिनं एकेक धवला पुन्हा म्हटला. दादांनी ह्या वेळी दोन वेगवेगळी यंत्रं लावली होती. हळदीचा धवला मागितला तेव्हा मात्र बयनं मान हलवली.

"नाय पोरी. हलद लागल्याबिगर तो बोलत नाय. देव उठतान त्यानं. लगीन नाय तं देवाला उठवाचा कशाला?"

हिनं आर्जवं केली. दादांनी तिला थांबवलं. "बयनं कारण सांगितलंय," ते म्हणाले. "पुरेसं आहे." आणि बयला विचारलं, "पुढचं लग्न कधी आहे?"

"लगनं लई हायेत. मना कोन बोलवतंय? आता डीजे लागतो पोरांना."

आणि इथून माझ्या ह्या मेव्हण्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या लग्नात लक्ष घातलं. दर आठवड्याला ते खाडीकाठच्या त्या गावात जात आणि भेटेल त्याला विचारत, "घरात कोणी लग्नाचं आहे का?" इतक्या कळकळीनं विचारत की पनवेलचा कोणी मध्यस्थ आलाय अशी गावात वदंता झाली. लोक त्यांना ओट्यावर बसवून सरबत देऊ लागले, मुलामुलींचे फोटो दाखवू लागले. एका बापानं मुलीबद्दल विचारलं तेव्हा दादांनी "मुलाला दोनदा भेटा, आणि दोन्ही वेळा तोच प्रश्न विचारा" असा सल्ला दिला. तो त्या बापाला फार पटला. शेवटी पाऊस येऊन गेला, दिवाळी गेली, आणि बयच्याच भावाच्या नातवाचं लग्न ठरलं. मुलगा बंदरात कामाला. बयला मान म्हणून बोलावलं होतं, पण हळदीला डीजे ठरलेला. आणि डीजे म्हणजे भिंती हलवणारा.

हळदीच्या दिवशी सकाळीच आम्ही पोचलो तेव्हा डीजेची पोरं घामाघूम झालेली. त्यांच्या स्पीकरमधून गाण्याच्या आधी एक जाडजूड हुंकार येत होता, हूंऽऽऽ, आणि काही केल्या जाईना. सगळ्या वायरी एकदम उपसून पुन्हा लावणं चाललं होतं. दादांना ते बघवेना. "थांबा," ते म्हणाले, "एकेक." त्यांनी पिशवी उघडली. एक वायर काढली, ऐकलं. लावली. दुसरी काढली, ऐकलं. लावली. मांडव बघायला जमला. जेवणाची पंगत बसायच्या आधी एका वायरीशी हूं थांबला, ती आतून तुटलेली होती.

"काका, काय घ्याल?" डीजेचा म्होरक्या खूश होऊन म्हणाला.

"शांतता," दादा म्हणाले. "बय हळदीचा धवला म्हणेल तेवढा वेळ."

पोरानं मित्रांकडे पाहिलं. "तेवराच ना? चालल. आमचे बयचा हाय, आमी पन आयकतो."

बय मांडवात आली. दोन बायकांनी तिला हाताला धरून बसवलं. तिनं डोळे मिटले आणि पहिला शब्द इतका बारीक निघाला की मला वाटलं, आता आवाज उरला नाही. पण दुसऱ्या ओळीला मागच्या बायकांनी सूर धरला आणि बय त्या सुरांवर चढत गेली. तिनं डोंगरातले देव बोलावले, खाडीतले बोलावले, गेलेली माणसं नावानं बोलावली, ज्यांच्या घरात हे लग्न व्हायचं होतं आणि जे बघायला राहिले नव्हते ती. बोलावलेल्या प्रत्येकासाठी ती क्षणभर थांबायची, तो येऊन बसेपर्यंत. डीजेची पोरं स्पीकरला टेकून उभी होती. नवऱ्या मुलाची आई पदरानं डोळे पुसत होती. माझी बायको यंत्राकडे बघतसुद्धा नव्हती, ती ओठ हलवत बायकांबरोबर म्हणत होती. दादा दोन्ही यंत्रं दोन हातांत धरून बयसमोर गुडघ्यांवर बसले होते, अगदी निश्चल.

धवला संपला. हळद लागली. दादांनी एका यंत्रावर गाणं मागे नेऊन लावलं आणि मी त्याचा इअरफोन बयच्या कानाला धरला. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "बरी बोलतंय. कोन हाय ही म्हातारी?" सगळा मांडव हसला. मग तिनं दादांकडे पाहिलं.

"काय रं दादूस, तुजे लगनान कोनी धवला बोलला?"

"माझं लग्न झालं नाही, बय."

"कदीच?"

"नाही."

बयनं कारण विचारलं नाही. तिची बोटं अजून हळदीनं भरलेली होती. तिनं हात पुढे करून दादांच्या उजव्या गालावर तीन बोटं ओढली, अगदी नवऱ्या मुलाला लावली होती तशीच, आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हटलं. बायकांमध्ये हशा पिकला, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. दादा लाल झाले. त्यांना काय करावं कळेना, कारण दोन्ही हातांत यंत्रं होती आणि ती अजून चालू होती.

परतताना सहा आसनी रिक्षात ते खिडकीशी बसले. गाणं नीट आलं आहे, दोन्हींवर आलं आहे, एवढंच एकदा बोलले. ही त्यांच्या शेजारी होती. तिनं पर्समधून रुमाल काढला, त्यांच्या गालाकडे पाहिलं आणि रुमाल परत ठेवून दिला. खांदा कॉलनीच्या वळणाला ते उतरले. रस्त्यावरची माणसं त्यांच्याकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी गाण्याची एक प्रत त्यांच्याकडे ठेवायला म्हणून मी गेलो. त्यांनी स्वतः चहा केला. बोलता बोलता माझं लक्ष गेलं, दाढी केलेली होती, पण तेवढी जागा सोडून. गालावर तीन पिवळ्या रेघा तशाच होत्या. मी नजर दुसरीकडे वळवली, पण त्यांनी पाहिलं.

"हळद किती दिवस टिकते, बघतोय," ते म्हणाले, आणि माझ्या कपात आणखी थोडा चहा ओतला.